कुंपणापलीकडचं विरजण

वलवण,
माघ वद्य तृतीया, शके १८५६ (सन १९३५)

चि. महिपतीस,

आशीर्वाद लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहिते. खरं तर तुझे दोन्ही कान उपटायचे मनात आहे, पण घोरावाडीपर्यंत माझा हात पोचत नाही.

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमननं दारात उभं राहून आधी स्वतः वाचलं, मग माझ्या हातात दिलं आणि वर विचारलं, "काय वो विठाबाई, भावानं लय मनावर घेतलंय जनू?" म्हणजे वलवणात ज्याला माहीत नव्हतं त्यालाही आता माहीत झालं. भांडायची एवढी हौस होती तर पाकीट घ्यायचं होतंस.

लिहितोस काय, तर भाऊबीजेला माझ्या घरी तुझा धर्म बुडाला. काय झालं ते मी एकदा नीट लिहूनच काढते, कारण तुला लहानपणापासून हवं तेवढंच आठवतं. तू आणि नंदा आदल्या संध्याकाळी आलात. मी कढी केली होती. तू वाटी तोंडाला लावलीस, पुन्हा मागितलीस, पुन्हा मागितलीस, आणि म्हणालास, "आक्का, आईच्या हातची चव हाय बग." मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी तुझ्यासाठी पाट मांडला, निरांजन लावलं, आणि तेवढ्यात नंदानं तुझ्या कानात सांगितलं की सकाळी उम्मेहानीनं कुंपणाच्या फटीतून मला विरजणाची वाटी दिली आणि मी ती घेतली, म्हणजे रात्रीची कढीही तिच्याच विरजणाची. तू पाटावरून उठलास तो थेट स्टेशनावर. ओवाळायचं ताट माझ्या हातात तसंच राहिलं.

चव आवडली तेव्हा ती आईची होती. कुंपणापलीकडून आली हे कळल्यावर तीच विटाळाची झाली. जीभ तर दोन्ही वेळा तुझीच होती ना रे?

आणि तू असं लिहितोस की जणू उम्मेहानी कुणी परकी आहे. अल्लाबक्ष टांगेवाल्याची बायको, माझी सख्खी शेजारीण. तिच्या न् माझ्या परसात एक निरगुडीचं कुंपण, त्याला मधे फट. त्या फटीतून माझं सगळं आयुष्य चाललंय. मीठ, मिरची, विस्तव, काढा, सगळं. तुला त्यातली एक वाटी दिसली.

आता तुझ्या अटी. दह्यादुधाची मडकी फोडायची, घरभर गोमूत्र शिंपडायचं, फटीत काटे भरायचे, आणि मारुतीच्या देवळात पाच माणसांसमोर शपथ घ्यायची की पुन्हा त्या घरचं काही घेणार नाही. हे झालं तर तू रतनच्या लग्नाला येशील. नाही तर नाही. रतन माझी एकुलती एक. औंढ्याच्या रखमाजीच्या थोरल्याशी वैशाखात तिचं लग्न ठरलंय हे तुला माहीत आहे, आणि अंतरपाटाला नवरीच्या पाठीशी सख्खा मामा लागतो हेही माहीत आहे. म्हणूनच बरोबर तिथं बोट ठेवलंस.

शाळेत तू जाशील आणि पाठांतर मी घेईन, असं बाबांनी ठरवलं होतं. तुझं पाठांतर घेता घेता मीच लिहायला शिकले. तेव्हा तुझ्या टाळक्यात दुसरंही काही शिरलं की नाही ते बघायला हवं होतं.

तुझी थोरली बहीण, अजून तरी,
विठा

---

वलवण,
फाल्गुन शुद्ध दशमी

महिपती,

तुझ्या अटी पाळायला घेतल्यात. रतनसाठी, तुझ्यासाठी नव्हे, हे आधी वाच आणि मग पुढचं वाच.

मडकी फोडली. दुधाचं मडकं किती वर्षांचं मुरलेलं होतं ते तुला नाही कळायचं, नंदाला विचार. होतं ते दही म्हशीच्या आंबोणात घातलं. गोमूत्र शिंपडलं. तुझे दाजी ओसरीवर बसून बघत होते, त्यांच्या धोतरावर उडालं तरी बोलले नाहीत. हा माणूस कशालाच बोलत नाही, तो माझा वेगळा त्रास आहे. फटीत बाभळीचे काटे भरले. हाताला ओरखडे उठले.

मग दूध तापवलं, कोमट केलं, आणि वाटी घेऊन उभी राहिले. विरजण कुठलं घालू? तू अटी लिहिल्यास, पण हे नाही लिहिलंस.

अंबूबाईकडे गेले. वरच्या आळीची अंबूबाई तुला आठवत असेल, तुळशीला पाणी घातल्याशिवाय माणसाशी बोलत नाही. तिच्याहून शुद्ध वलवणात कोण? तिनं वाटी भरून दिली. मी तुझ्यासारखीच झाले होते तोवर, म्हणून विचारलं, "अंबूबाई, ह्ये विरजन मुळात कुनाचं?"

"माजंच की."

"त्याच्या आदी?"

ती माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, "आगं, डोक्यावर पडलीस काय? लाळ-खुरकताच्या साली तूच न्हाई का दिलंस?"

ते साल तुला माहीत नाही. तू तेव्हा नुकता रेल्वेत लागला होतास. त्या साली गावातली निम्मी जनावरं गेली, उरलेली आटली. कुणाच्या घरी चमचाभर दूध नाही. उम्मेहानीची म्हैस तेवढी वर डोंगरात धनगरांकडे ठेवलेली होती, म्हणून वाचली. पुढे लोकांच्या म्हशी व्यायल्या, दूध आलं, तर विरजण कुणाकडेच नाही. मग एकेक बाई वाटी घेऊन माझ्याकडे यायला लागली. मी फटीतून घ्यायचे आणि पुढच्या दारानं द्यायचे. घेताना कुणी विचारलं नाही, देताना मी सांगितलं नाही. उगाच भोळं कशाला व्हायचं? सगळ्यांना ठाऊक होतं. माझी म्हैस सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आटली होती. मग विरजण काय माझ्या गाडग्यात आभाळातून पडत होतं? पण माझ्या हातातून घेतलं की ते विठाबाईचं. सगळ्यांची सोय झाली.

तेव्हा ऐक. अंबूबाईचं दही उम्मेहानीचं. पाटलाच्या घरचं अंबूबाईकडून गेलेलं, म्हणजे उम्मेहानीचं. देवळात नैवेद्याचं दही पाटलाकडून येतं. ज्या मारुतीसमोर मी शपथ घ्यायची तो मारुती इतकी वर्षं काय खातोय ते तूच ठरव.

आणि रागावू नकोस, पण नंदा लग्न होऊन आली तेव्हा संसाराला विरजण माझ्याकडूनच घेऊन गेली होती, फडक्यात गाडगं बांधून. ते लावत लावत तुमचं घर आजवर चाललंय. तुझा धर्म भाऊबीजेला बुडाला म्हणतोस? तुझ्या गँगवर उन्हात तहान लागते तेव्हा मडकं कुणी भरलं ते विचारून पितोस का?

आता सांग, मी काय घालू दुधात?

विठा

---

वलवण,
चैत्र शुद्ध पंचमी, शके १८५७

महिपती,

"मिरचीची देठं घाल." इतक्या पानांना एवढं एक उत्तर! आणि खाली, "आमच्या घरचंही टाकून दिलं आहे."

घातली देठं. पहिल्या दिवशी दूध दूधच राहिलं. दुसऱ्या दिवशी जे झालं त्याला दही म्हणायचं तर माझ्या जिवावर येतं. पळी वर उचलली की तार सुटायची, वास उग्र. तुझ्या दाजींच्या भाकरीवर वाढलं. त्यांनी एक घास खाल्ला आणि या घरात दसऱ्यापासून पहिल्यांदा आपणहून बोलले. म्हणाले, "ह्ये काय हाय?" मी म्हटलं, "ह्यो तुमच्या मेव्हन्याचा धरम हाय." त्यांनी ताट सारलं आणि हात धुतले.

नंदाचं काय झालं? तिचं लागलं का देठांवर? ती काही कळवत नाही, म्हणजे तिथंही तारच सुटत असणार.

पण मी हे सांगायला लिहीत नाही. काल रखमाजी आले होते. बस्त्याचं बोलले, मांडवाचं बोलले, आणि उठता उठता म्हणाले, "मामा येनार न्हवं? तळेगावात कुनीतरी म्हनालं, भाऊ-बहिनीचं जमत न्हाई."

मी म्हटलं, "येनार की."

"न्हाई, कसंय विठाबाई, सख्खा मामा असून पाठीशी उभा न्हाई, म्हनजी लोक म्हनत्यात कुटंतरी पानी मुरतंय. आमाला काय न्हाई. पर आमचे भाऊबंद लय चिकित्सक."

गेले. रतन आत भिंतीला टेकून सगळं ऐकत होती. मला म्हणाली, "आई, मोडनार का गं?" मी तिच्यावर ओरडले. तुझ्यावर ओरडायचं ते तिच्यावर ओरडले.

नंतर परसात गेले तर कुंपणापलीकडे उम्मेहानी गोवऱ्या थापत होती. काटे घातल्यापासून आमचं बोलणं नव्हतं. तिनं वर न बघता विचारलं, "माज्या शेळ्या येत व्हत्या का गं तुज्याकडं?"

"न्हाई."

"मग काटं कशापायी?"

मी म्हटलं, "महिपती..." एवढंच. तिनं हातातली गोवरी थापली, हात झटकले आणि म्हणाली, "लगीन हाय. पोरीच्या पाठीशी मामा पायजे. ऱ्हाऊ दी काटं."

ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी सांगितलं की विरजण शोधत गावभर फिरले आणि सगळीकडे तिचंच निघालं. तर हसायला लागली. म्हणाली, "माजं कुटलं? मला सासूनं दिलं. तिला तुज्या सासूनं दिलं आसंल, न्हाईतर आनि कुनी. विरजनाला बाप नसतो गं विठाबाई, नुसत्या आयाच आया."

महिपती, तीन अटी मी पाळल्या. चौथी, ती शपथेची, मी पाळणार नाही. कितीही पत्रं लिही. मारुतीसमोर उभं राहून त्या बाईचं काही घेणार नाही असं मी म्हणूच शकत नाही. का, ते विचारू नकोस. नुसता ये.

विठा

---

वलवण,
चैत्र वद्य द्वितीया

महिपती,

तू विचारलंसच. "का घेणार नाहीस? त्या घराचं तुझ्यावर असं काय आहे?"

म्हणून आजचं पाकीट मी इथल्या पोस्टमनकडे देत नाही, स्वतः लोणावळ्याला जाऊन टाकणार आहे. नंदालाही वाचून दाखवू नकोस.

मानमोडीच्या तापाची साथ आली ते साल. तू पोरसवदा होतास, बाबांनी तुला आजोळी जुन्नरकडे पाठवलं होतं, म्हणून वाचलास असं मी अजून मानते. आई त्याच तापात गेली. आणि तिचे दिवससुद्धा झाले नव्हते तेव्हा रतन झाली. मी बाळंतीण, अंगात ताप, शुद्ध नाही. सासूबाई दुसऱ्या खोलीत पडलेल्या. तुझे दाजी दोन्हीकडे पाणी देत फिरत होते आणि त्यांनाही कणकण होती. मला दूधच नाही. रतन आधी मोठ्यानं रडायची, मग बारीक रडायला लागली. गावात कुणी कुणाच्या दारात जात नव्हतं. कुणाला दोष देत नाही. घराघरात तेच होतं.

उम्मेहानीची रशिदा तेव्हा अंगावर पीत होती. उम्मेहानी फटीतून आली. तिची सासू मागून ओरडत होती, ते मला तापातही ऐकू आलं: "आगं, त्या घरात साथ हाय! सोताच्या लेकीला मारतीस का?"

उम्मेहानी म्हणाली, "पोर रडतंया."

बस, एवढंच बोलली. माझ्या अंथरुणाशी बसली, रतनला उचललं आणि पदराखाली घेतलं.

मी उठून बसायला लागले तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. ती माझ्या चुलीपुढे भिंतीला टेकून बसली होती, एका बाजूला रशिदा, एका बाजूला रतन, आणि स्वतः पेंगत होती. मला नंतरही दूध आलं नाही. रतन पावलं टाकायला लागेपर्यंत तिच्याच अंगावर वाढली. म्हणून रतन तिला सगळ्यांदेखत मावशी म्हणते आणि कुणी नसलं की दुसरं काहीतरी म्हणते. ते काय, ते मी लिहीत नाही.

हे माझ्या सासूबाईंना ठाऊक होतं, त्या गेल्या. तुझ्या दाजींना ठाऊक आहे, ते बोलत नाहीत. आता कळलं ना, एवढ्या अबोल माणसाबरोबर मी का टिकले? आणि आता तुला ठाऊक झालं.

तेव्हा सांग मला, शहाण्या. दही म्हशीला घालता येतं. मडकं फोडता येतं. फटीत काटे भरता येतात. रतनला काय करू? तिच्या हाडामासात जे गेलंय त्यावर किती गोमूत्र शिंपडू? ज्या पोरीच्या पाठीशी तू उभा राहायचंस, ती पोरगीच त्या दुधावर उभी आहे. आणि तू वाटीभर कढीचं घेऊन बसलायस!

मला वैताग आलाय रे. तुझा, गावाचा, माझासुद्धा. सगळे एकमेकांच्या जिवावर जगतात आणि वर एकमेकांना विचारतात, तू कोण?

हे पत्र तू रखमाजीच्या हातात नेऊन दिलंस तर लग्न मोडेल. रतनचं पुन्हा कुठं जमणार नाही. हे मला कळतं, तरी लिहून तुझ्या हातात देतेय. वाटलं तर चुलीत घाल, वाटलं तर औंढ्याला ने. शपथ मी घेणार नाही. काटे आजच काढले.

तुझी आक्का

---

वलवण,
वैशाख वद्य षष्ठी

चि. महिपती,

तू आलास.

एक ओळ आधी कळवायला काय झालं होतं? महिनाभर पाकीट पोचलं की नाही, पोचलं तर कुणाच्या हातात पोचलं, काही कळायला मार्ग नाही. औंढ्याकडून माणूस आला की मी आधी त्याच्या हातात पाकीट आहे का ते बघायचे. रखमाजी मांडवात शिरले आणि हसले, तेव्हा मला कळलं की तू ते त्यांना दिलेलं नाहीस. पण तू येशील हे तरीही कळलं नव्हतं. अंतरपाट धरायला घेतला, भटजी दोनदा विचारून गेले, "मामा कुठं आहेत?" तुझे दाजी मुंडावळ्यांकडे बघत बसलेले. आणि तेवढ्यात तू धुळीनं भरलेल्या पायांनी मांडवात आलास, कुणाशी एक शब्द न बोलता रतनच्या पाठीशी उभा राहिलास. नंदा मागून धापा टाकत येत होती. गाडी चुकली आणि तळेगावपासून कुणाच्या तरी बैलगाडीतून आलात, हे मला नंदाकडून कळलं. तू सांगशील तर शपथ.

मंगलाष्टकं चालू होती तेव्हा मी तुझ्याकडेच बघत होते. तू कुंपणाकडे बघत होतास. उम्मेहानी पलीकडे उभी होती, शेजारी रशिदा, तिच्या कडेवर तिचं पोर. अक्षता त्यांच्याही हातात होत्या. तिकडून टाकलेल्या मांडवापर्यंत पोचत नव्हत्या, निरगुडीतच पडत होत्या. तू ते बघितलंस. मी बघितलं तू बघितलंस ते.

जेवणं झाली. तू ताक मागितलंस. मी दिलं. तू प्यायलास, पुन्हा मागितलंस, आणि कुणाचं ते विचारलं नाहीस. सगळ्यांना वाटेल की बहिणीला यात आनंद झाला असेल. झाला, खोटं कशाला बोलू? पण रागही आला. न विचारता पिणारे मला गावभर आहेत, महिपती. लाळ-खुरकताच्या सालापासून मी तेच बघतेय.

आणि मग तू तो आहेर काढलास. मामाचा आहेर, बहिणीला लुगडं, रीतीप्रमाणे. बोचक्यातून निघाली दोन. एक लाल, एक हिरवं. दोन्ही माझ्या हातात ठेवलीस आणि जमिनीकडे बघत म्हणालास, "एक तुजं. दुसरं कुनाचं ते तुला ठावं हाय. दी तिला." आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघालास.

मी तिथंच रडले. नंदानं पाहिलं असेल. दोन आयांना दोन लुगडी आणलीस. माझ्या भावाला हे सुचलं, तेही कुणी न सांगता. पाठांतर घेतल्याचं सार्थक झालं असं वाटलं.

पण रडून झाल्यावर चिडले, ती अजून चिडलेलीच आहे. दहा हात अंतरावर ती उभी होती. फट मोकळी होती. तळेगावपासून धूळ खात येता येतं आणि निरगुडीपर्यंत जाता येत नाही? पुन्हा माझ्याच हातून? तिकडून घ्यायचं माझ्या हातून, इकडून द्यायचं माझ्या हातून, आणि सगळे नामानिराळे.

माझंही सांगते, म्हणजे तुला एकट्याला लागायला नको. रतन निघाली तेव्हा सगळ्यांच्या पाया पडली आणि मग कुंपणाकडे वळली. औंढ्याचे भाऊबंद गाडीशी उभे होते. मी तिला डोळ्यांनी दटावलं. ती थांबली. पलीकडे उम्मेहानीनंच हात हलवून "जा, जा" केलं आणि तोंडात पदर कोंबला. काटे काढून काय उपयोग झाला?

म्हणून मी ठरवलंय. हिरवं लुगडं मी देणार नाही. ट्रंकेत घातलंय, किल्ली माझ्या कमरेला. चार दिवसांनी रतन मांडवपरतणीला येते आहे, तेव्हा तू रजा घेऊन ये. पुढच्या दारानं येऊ नकोस, परसातनं ये. लुगडं तुझ्या हातात देईन, रतनला तुझ्याबरोबर देईन, आणि तुम्ही दोघं त्या फटीतून पलीकडे जा. मी मागून येते. त्यानंतर पाट मांडते. तुझं भाऊबीजेचं ओवाळणं अजून राहिलंय.

उशीर करू नकोस. तिनं ते बोचकं मांडवातच हेरलं होतं. काल गोवऱ्या थापता थापता मला म्हणाली, "हिरवं व्हतं न्हवं? हिरवं न्हाई माज्याकडं." मी म्हटलं, "आगं, ऊन किती पडलंय बग." ती हसली आणि विषय सोडून दिला. उद्या पुन्हा काढेल. मी आणखी किती वेळा ऊन दाखवू?

तुझी
विठाआक्का